एकाच बाकावर

वाचन : याकोबाचे पत्र, अध्याय 2, वचने 1 ते 9



7 नोव्हेंबर हा आपल्या राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. 1900 साली त्या दिवशी लहानगे भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले, म्हणून शासनाने 2017 साली हा दिवस ठरवला. शाळाशाळांत प्रतिमेला हार घालतात, भाषणे होतात. त्या मुलाला वर्गात इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे, एवढे मात्र भाषणांत घाईने उरकले जाते.

वास्तविक शाळेत येण्याचा हक्क तेव्हा कागदावर जुना झाला होता. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे दाद मागितली. एकाला घेतले तर बाकीची मुले शाळा सोडतील, या भीतीने सरकारने हात झटकले. प्रकरण विलायतेपर्यंत गेले आणि 1858 साली कंपनीच्या संचालकांनी कळवले की सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या आहेत. त्यानंतर 42 वर्षांनी साताऱ्याला गोणपाट होतेच. शाळेचे दार उघडले होते, बाकावर जागा नव्हती.

अमेरिकेतही असेच झाले. 17 मे 1954 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणे घटनेविरुद्ध आहे. इमारत, पुस्तके सारखी दिली तरी वेगळे बसवण्यातच असमानता आहे. या निकालाच्या पन्नासाव्या वर्षासाठी तिथल्या संसदेने 2001 साली खास कायदा करून आयोग नेमला. पण निकालानंतर तीन वर्षांनी, 1957 साली, लिटल रॉक शहरात नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शाळेत पोचवायला सैनिक पाठवावे लागले होते.

आपल्याकडचा असा निकाल अगदी अलीकडचा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवायला लावल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला यातून सूट. म्हणजे गरिबाचे मूल तिकडे, पैसेवाल्याचे इकडे. 19 जुलै 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. 19 जुलैला हार-भाषण झालेले मी तरी कुठे पाहिले नाही.

आता नंदुरबारचे पाहू. खासगी शाळा नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदा अशा गावांत. या जागा अंतर मोजून मिळतात. आधी एक किलोमीटरच्या आतली मुले, मग तीन किलोमीटरपर्यंतची. अक्राणीच्या डोंगरातल्या पाड्यावरून असे अंतर मोजायला घेतले तर हिशेब तिथेच संपतो. त्या मुलाला जिल्हा परिषदेची शाळा किंवा आश्रमशाळा. आश्रमशाळेने पिढ्या शिकवल्या, हे मी कधीच नाकारणार नाही. पण तिथे पावरा मूल पावरा आणि भिल्ल मुलांबरोबरच वाढते, आणि गावातले मूल त्याला कधी भेटतच नाही. कोणी बंदी घातलेली नाही, तरी दोघे वेगळेच बसतात.

कामाच्या निमित्ताने एका आईबरोबर मी गावातल्या एका शाळेत गेलो होतो. लॉटरीत तिच्या मुलाचे नाव लागले होते. फीचे तिने विचारलेच नाही. वर्ग दाखवल्यावर ती पावरीत एवढेच म्हणाली, याला कुठे बसवणार? उत्तर आले, या मुलांची तुकडी आम्ही वेगळी ठेवतो, त्यांनाच सोपे जाते.

याकोबाने मंडळीला नेमके बसण्याच्या जागेवरूनच धारेवर धरले आहे. चांगल्या कपड्यांतल्या माणसाला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी. हा अध्याय आपण उपासनेत वाचतो आणि लगेच घरी जेवायला जातो.

यात आपल्याला टोचणारी एक गोष्ट आहे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळले. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून 2025 मध्ये प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवण्याची पावले पडली. तूर्त ख्रिस्ती संस्थेच्या शाळेला 25 टक्क्यांची सक्ती नाही. सक्ती नसताना आपल्या शाळा किती पाड्यांवरची मुले घेतात, आणि घेतल्यावर कुठे बसवतात? हा प्रश्न या तिमाहीत आपापल्या मंडळीत बोलावा. शाळा-समितीवर असलेल्यांनी तर नक्कीच.

एक कामाचे. 25 टक्क्यांचे अर्ज ऑनलाइन भरावे लागतात. अनुसूचित जमातीच्या मुलाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचा लागतो, वडिलांचा चालतो. घाई होते ती याच दाखल्यासाठी, म्हणून तो आत्ताच काढायला सांगा. संगणक येणाऱ्या तरुणांनी प्रवेशाच्या दिवसांत दोन शनिवार दिले तर एकेका वस्तीचे अर्ज एका बैठकीत भरून होतील.