वर्गांत मागें पडलेलें मूल

पांचव्या इयत्तेंत बसलेल्या मुलास दुसरीच्या पुस्तकांतील धडा वाचतां येत नाहीं, ही गोष्ट आमच्या खेड्यांतून नवीन नाहीं. २००५ सालापासून 'असर' नांवाच्या पाहणींत देशांतील ग्रामीण मुलांचें वाचन घरोघर जाऊन तपासण्यांत येतें; तींत पांचवीच्या सुमारें निम्म्या मुलांची हीच अवस्था वारंवार दिसून आली आहे. अशा मुलाविषयीं "हा मठ्ठच आहे" असें बोलून आपण मोकळे होतों, आणि दोन-तीन वर्षांत तें शाळा सोडून गुरांमागें जातें. मूल कोठें अडलें हें पाहिल्यावांचून असा निकाल देणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

तर प्रथम त्यास जवळ बसवून, इतर मुलें ऐकत नसतांना, वाचावयास सांगावें. आरंभीं लहानसा धडा द्यावा. तो जमेना तर चार सोपीं वाक्यें, तींही न जमलीं तर सुटे शब्द, आणि शेवटीं सुटीं अक्षरें. जेथें तें निःशंकपणें वाचूं लागेल तीच त्याची खरी इयत्ता, मग पटावर कोणतीही असो. शिकवणें तेथूनच सुरू करावें.

चुका टिपून ठेवाव्या, कारण त्या उगाच होत नाहींत. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांची गल्लत होते. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांस अक्षराच्या आधीं दिसते, पण तिचा उच्चार मागून होतो. तेथें मूल घोटाळलें तर तो आळस नव्हे. अंकांतही तसेंच. 'तेवीस' म्हणतांना तीन आधीं ऐकूं येतात आणि वीस मागून. म्हणून मूल पाटीवर ३२ लिहितें. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'वीस तीन' अशी वाचण्याची रीत आली, तेव्हां केवढा वाद माजला! वाद कसाही असो, दहा-दहा काड्यांच्या दोन जुड्या आणि तीन सुट्या काड्या पुढें ठेविल्या म्हणजे मुलास तें उमगतें.

कांहीं कारणें पुस्तकाबाहेरचीं असतात. फळा दिसत नसेल, किंवा कानानें कमी ऐकूं येत असेल. आईबापांबरोबर ऊसतोडीस गेलेलें मूल कित्येक महिने शाळेस अंतरतें. कित्येकांच्या घरीं वारली, भिली किंवा गोरमाटी बोलतात. त्यांस पुस्तकी मराठी ही दुसरी भाषाच होय.

हें काम मोठ्या विद्वानाचेंच आहे असें कोणीं समजूं नये. ह्या शतकाच्या आरंभीं मुंबई व बडोदें येथें 'प्रथम' संस्थेनें बालसखींचा उपक्रम चालविला. तिसरी-चौथींतील पंधरा-वीस कच्चीं मुलें रोज दोन तास वेगळीं बसवीत, आणि वस्तींतीलच एखादी माध्यमिक शाळा शिकलेली तरुणी त्यांस मूळ वाचन व अंक शिकवी. २००७ सालीं त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत सर्वांत मागें असलेल्या मुलांचीच प्रगति अधिक झालेली आढळली. अभ्यासकांपैकीं अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांस २०१९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. उपक्रम थांबल्यावर वर्षभरांत त्या लाभाचा बराच भाग ओसरला, हेंही सांगितलें पाहिजे. म्हणजे चार दिवसांच्या उत्साहानें हें साधत नाहीं.

ज्या मंडळींत एखादी मुलगी दहावी झाली आहे, तिला रोज सायंकाळीं एक तास व पांच-सहा मुलें द्यावीं. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर अक्षरें मोठीं लिहावीं. मात्र भ आणि म एकाच दिवशीं देऊं नयेत. "तुझा धाकटा भाऊ बघ कसा वाचतो" हें वाक्य तर तोंडांतूनच काढूं नये. महिन्यानें पुन्हां तोच धडा वाचावयास द्यावा. न जमल्यास एक पायरी खालीं उतरावें, आणि शाळेच्या गुरुजींस तसें कळवावें.