वाड्याचे अक्षांश-रेखांश

प्रश्न : आमच्या गावातल्या जुन्या वाड्यावर मी टिपण लिहितो आहे. इंटरनेटवर मिळालेले अक्षांश-रेखांश टाकले, तर खूण बसथांब्यावर पडते. अचूक आकडे कुठून घ्यावेत आणि कसे लिहावेत?
– एक वाचक, कोरपना

उत्तर : तुम्हाला मिळालेले आकडे वाड्याचे नाहीत, गावाचे आहेत. इंटरनेटवरच्या याद्यांत अख्ख्या गावासाठी एकच बिंदू दिलेला असतो. वाड्याचे आकडे वाड्यासमोर उभे राहूनच घ्यावे लागतात. दिंडी दरवाजासमोर उभे राहा, पण भिंतीला किंवा कडुनिंबाला खेटून नको. मोकळ्या आभाळाखाली मोबाइल दोन-तीन मिनिटे स्थिर धरा आणि मग आकडे टिपा. दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. नंतर उपग्रहाच्या चित्रावर ताडून पाहा. मधला चौक आणि भोवतीची कौले वरून सहज ओळखू येतात.

मोकळ्या जागी मोबाइल साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर सांगतो. दशांश चिन्हानंतरचा पाचवा अंक म्हणजे सुमारे १ मीटर. तेव्हा पाच अंक भरपूर झाले.

जास्त घोळ होतो तो मिनिटांचा. १९ अंश ४५ मिनिटे म्हणजे १९.७५ अंश, कारण अंशात ६० मिनिटे असतात. ते १९.४५ लिहिले की वाडा ३३ किलोमीटर दक्षिणेला जातो! अक्षांश नेहमी आधी लिहा. आपल्याकडे अक्षांश १९ आणि रेखांश ७९ च्या आसपास. उलटे लिहिलेत तर खूण थेट उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांत पडेल.

जुन्या सर्वेक्षण नकाशावरून आकडे घेणार असाल तर तसे स्पष्ट लिहा. ते नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती मापावर) आहेत, मोबाइल डब्ल्यूजीएस ८४ या आजच्या मापावर. दोन्हींत शंभर-दोनशे मीटरचा फरक पडतो. त्या नकाशांचा पाया असलेली भारताची त्रिकोणमितीय महामोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ साली आपल्या शेजारच्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे, जमल्यास जरूर पाहा.

वाड्याच्या जुन्या कागदपत्रांत ‘जिल्हा आदिलाबाद’ दिसले तर ती चूक समजून खोडू नका. कोरपन्यासह राजुऱ्याचा हा भाग निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो नांदेडला आणि १९५९ साली चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) जोडला गेला. जुना जिल्हा तसाच ठेवून आजचा पुढे लिहा.

टिपणात आकड्यांसोबत एवढे द्या : बिंदू कोणता (मुख्य दरवाजा), डब्ल्यूजीएस ८४, साधन, तारीख आणि ‘अंदाजे ५ मीटर’. वाड्यात आजही कुणी राहत असेल, तर छापण्याआधी त्यांना विचारा.