नक्कल उघडून पाहा

एका मोठ्या संगणकाचे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक भाग करता येतात. प्रत्येक भाग स्वतंत्र संगणकासारखा काम करतो. त्याला आभासी संगणक म्हणतात. असा दूरचा संगणक इंटरनेटवरून भाड्याने वापरणे ही क्लाउड सेवा होय. त्यातील माहितीची जपून ठेवलेली नक्कल म्हणजे बॅकअप.

नक्कल ठेवली की काम संपले का? गिटलॅब या कंपनीची हकिकत ऐका. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याने दुय्यम संगणक समजून मुख्य संगणकावरील माहिती पुसली. सुमारे ३०० जीबी माहिती गेली. रोजची नक्कल शोधली, तर ती तयारच होत नव्हती! तशी सूचना देणारे ई-मेलही पोहोचत नव्हते. सुदैवाने ६ तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी काढलेली एक नक्कल सापडली. तिच्यातील माहिती परत आणायला सुमारे १८ तास लागले. मधल्या ६ तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

म्हणून जाणकार लोक नक्कल मूळ संगणकापासून दूर ठेवतात. अधूनमधून तिच्यावरून नवा आभासी संगणक उभा करतात, फायली उघडून पाहतात आणि लागलेला वेळ लिहून ठेवतात. तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?

स्वाध्याय
१. रोजची नक्कल का उपयोगी पडली नाही?
२. नक्कल चांगली आहे, हे कसे तपासाल?
३. 'तहान लागल्यावर विहीर खणणे' याचा वाक्यात उपयोग करा.