पुस्तकाबद्दल बोलायचंय ना, मग बोल की!

अगं, तू परवा फोनवर म्हणालीस, "ताई, पुस्तकांच्या बैठकीत सगळ्याजणी किती छान बोलतात. मी काय सांगणार? मला पुस्तक आवडलं, एवढंच कळतं." तेव्हा तुझी संध्याकाळची घाई चालली होती, म्हणून मी जास्त बोलले नाही. पण ते मनात राहिलं. आज सवड आहे, तर सगळं सांगून टाकते.

'आवडलं' म्हणणं हलकं असतं, हे आधी डोक्यातून काढ. फक्त तिथंच थांबू नकोस. नेमकं कुठं आवडलं, कुठं कंटाळा आला, कुठं वाचता वाचता पुस्तक पालथं ठेवून उठावंसं वाटलं, ती जागा सांग. जिला अशी जागा सापडलेली असते तिचं बोलणं सगळ्या कान देऊन ऐकतात. जिला सापडलेली नसते ती लेखकाचा जन्म, पुरस्कार आणि आवृत्त्या सांगत बसते, आणि ते तर मागच्या पानावर छापलेलंच असतं. दुसरी एक खोड म्हणजे सगळी गोष्ट सांगत सुटायची. पहिल्या प्रकरणापासून शेवटापर्यंत कथानक ऐकवलं की वेळही संपतो आणि ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांची गोडीही जाते. गोष्ट दोन वाक्यांत आटप आणि तुझ्या त्या जागेवर ये.

रा. रं. बोराडे सरांची 'पाचोळा' घे. १९७१ ची कादंबरी. सर मूळचे लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे, पण देवगिरी महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरनं त्यांना कायम आपलंच मानलं. २०२५ च्या फेब्रुवारीत ते गेले, तेव्हा आम्ही ती पुन्हा वाचायला घेतली. खेड्यातल्या एका शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको सांगते, तीही आपल्या मराठवाडी बोलीत. त्या बैठकीत एकीनं ग्रामीण साहित्याचा प्रवाह फार अभ्यासानं मांडला. चांगलंच झालं ते. पण मला अजून आठवतं ते गंगापूरकडच्या एका वहिनींचं बोलणं. त्यांचे वडील शिवणकाम करायचे. त्या म्हणाल्या, "गावाची मर्जी फिरली की लोक कापड दुसरीकडं टाकायचे. मग मशीन झाकून ठेवलेली असायची, आणि माझी आई झाडून काढताना त्या कोपऱ्याकडं बघायचीच नाही." इतकंच बोलून त्या गप्प झाल्या. आमच्यातल्या तिघीचौघींनी घरी जाऊन कादंबरी परत उघडली. समीक्षा अशीही असते, आणि ती करायला त्या वहिनींना कुठली पदवी लागली नाही.

बैठकीत बोलताना मध्येच 'काय करायलीस' असं तोंडून गेलं म्हणून तू जीभ चावलीस, हे मी पाहिलं बरं का. असं करू नकोस. जी कादंबरी सबंध आपल्या बोलीत उभी आहे, तिच्याबद्दल बोलताना आपणच पुण्याची भाषा शोधत बसायचं, हे मला पटत नाही. तू अंबडची आहेस, अंबडसारखी बोल. शब्दासाठी अडखळलीस की मतही तिथंच अडखळतं.

आणि वाद झाला तर घाबरू नकोस. सदानंद देशमुखांची 'बारोमास' आली तेव्हा आमच्यात किती जुंपली होती! २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी, बुलढाण्याकडच्या शेतकरी घराची. एकनाथ शिकलेला आहे, पण नोकरी नाही, म्हणून शेतीत. त्याची बायको अलका त्या घरात रमत नाही आणि माहेरी निघून जाते. झालं! निम्म्याजणी म्हणाल्या, नवऱ्याच्या पडत्या काळात सोडून गेली, ही कसली बायको. बाकीच्या म्हणाल्या, तिला फसवून दिल्यासारखंच झालं की. आवाज चढले. तेवढ्यात सिडकोतल्या एक काकू, सत्तरीच्या, शांतपणे म्हणाल्या, "मी राहिले. पण मी राहिले म्हणून ती चुकली, असं मला म्हणता येत नाही." त्यानंतर कुणी निकाल लावायला गेलं नाही. कादंबरीतल्या माणसाला न्यायाधीशासारखं उभं करायची आपल्याला फार हौस असते. दोन वाचणाऱ्यांना दोन अलका दिसल्या तर दिसू देत. तू मात्र तुला दिसलेली अलका पुस्तकातल्या प्रसंगावर बोट ठेवून सांग. "मला आपलं असं वाटतं" म्हणून सोडून देऊ नकोस. प्रसंग सांगितलास की समोरचीलाही तिथंच उत्तर द्यावं लागतं, तुझ्या अंगावर येता येत नाही.

आता आत्मकथनांचं. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथंच आपल्या हातून दुसऱ्याचं मन दुखावतं.

कादंबरीतली अलका कागदावरची आहे. 'जिणं आमुचं' लिहिणाऱ्या बेबीताई कांबळे खऱ्या जगल्या आहेत. फलटणला आपल्या छोट्या दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून त्यांनी ते वर्षानुवर्षं लिहिलं. पुस्तक आलं १९८६ ला. असं पुस्तक हातात घेऊन "इतकं कशाला सांगायचं?" म्हणणाऱ्या बायका मी ऐकल्या आहेत, आणि मला ते फार लागतं. जगणं कसं होतं यावर आपण मार्क द्यायचे नसतात. सांगणं कसं आहे, ते कुठं पोचलं, कुठं काही राखून ठेवल्यासारखं वाटलं, यावर जरूर बोल. लिहिणाऱ्यानं पुस्तक आपल्या हवाली केलंय, त्यामुळे तेवढा आपला हक्क आहे.

हे सगळ्याच आत्मकथनांना लागू आहे, नुसत्या दलित आत्मकथनांना नाही. सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० ला आलं तेव्हा घराघरांत त्यावर बोललं गेलं. पण बोलणं कशावर? तर पु. लं.बद्दल असं लिहावं का, यावर. बाईंनी स्वतःला किती कठोरपणे तपासलंय, त्यांच्या आठवणी पुढंमागं कशा फिरतात, इकडं फार थोड्यांचं लक्ष गेलं. आजही आमच्याकडं कुणी तेच सुरू केलं की मी विचारते, नवराबायकोत कोण बरोबर ते ठरवायला बसलोय का आपण? त्यामानानं लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चं भाग्य मोठं. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईचा मोकळा स्वर आज नव्वद वर्षांनीही नव्या मुलींना आपला वाटतो.

दलित आत्मकथन वाचून झालं की बैठकीत दोन वाक्यं हमखास येतात. एक, "वाचून फार वाईट वाटलं." दुसरं, "आता तसं काही राहिलं नाही." दोन्ही टाळ. पहिल्यात आपण आपल्याच वाईट वाटण्याबद्दल बोलत असतो. दुसऱ्यात तर पुस्तकच बंद करून टाकतो. आणि तिसरी गोष्ट, जी मी डोळ्यांनी पाहिली आहे. गटात एखादी त्या समाजातली मैत्रीण असते आणि सगळ्या तिच्याकडं वळून विचारतात, "तुमच्याकडं खरंच असं होतं का हो?" ती तिथं वाचक म्हणून आलेली असते गं. तिला साक्षीला उभं करायचं नाही. तिला 'आहे मनोहर तरी'बद्दल काय वाटलं तेही विचारलंय का कधी? ते विचार. बाकी तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल.

आपल्या शहरात तर हे जास्तच जपलं पाहिजे. बाबासाहेबांनी १९५० ला इथं मिलिंद महाविद्यालय उभं केलं. खेड्यापाड्यांतून पहिल्यांदा शिकायला आलेली मुलं तिथं लिहायला लागली. डॉ. गंगाधर पानतावणे सरांनी 'अस्मितादर्श' इथून चालवलं, आणि ज्यांना कुणी छापत नव्हतं त्यांना छापलं. त्यांचे मेळावे असायचे ना, त्यांचं नावच 'लेखक-वाचक मेळावा'. लिहिणारे एका मंचावर आणि वाचणारे खाली, असं नुसतं नव्हतं त्यात. वाचणारा उठून बोलायचा आणि पुढच्या वर्षी त्यातलाच एखादा लिहिता झालेला असायचा. प्र. ई. सोनकांबळे सरांचं 'आठवणींचे पक्षी' १९७९ ला आलं, ते याच वातावरणातलं. उदगीरकडचं पोरकं बालपण, भूक, शिक्षणासाठीची वणवण. दया पवारांचं 'बलुतं' त्याच्या आदल्या वर्षी, १९७८ ला, मुंबईत ग्रंथालीनं काढलं होतं, आणि ग्रंथाली म्हणजे तर वाचकांचीच चळवळ. तेव्हा वाचणाऱ्यानं तोंड उघडणं ही या मातीतली जुनी रीत आहे. तू काही आगाऊपणा करत नाहीयेस.

पोरांच्या पुस्तकांचं थोडक्यात सांगते. तिथं आपलं मत दुय्यम. तू 'तोत्तोचान' वाचून भारावलीस, मीही भारावले होते, पण आपण दोघी त्यात आपली शाळा शोधत होतो. तुझ्या थोरलीला त्यातला रेल्वेच्या डब्यातला वर्ग आवडला असेल आणि बाकीचा कंटाळा आला असेल, तर तेच तिचं मत, पूर्ण आणि पक्कं. मुलानं पाचव्या पानावर पुस्तक मिटलं, हा अभिप्राय आहे. 'श्यामची आई' १९३५ चं, आपल्या पिढीनं रडत रडत वाचलेलं, म्हणून तिनंही रडलंच पाहिजे असा आग्रह धरू नकोस. तिच्या हाती माधुरी पुरंदऱ्यांची 'राधाचं घर' किंवा 'यश'ची पुस्तकं दे, मोठ्यानं वाचून दाखव, आणि वाचून झाल्यावर "यातून काय शिकलीस?" हा प्रश्न चुकूनही विचारू नकोस. त्या एका प्रश्नानं मुलं पुस्तकापासून पळतात. त्यापेक्षा "परत वाचू का?" विचार. हो म्हणाली की समज, पुस्तक पास झालं. बालभारतीचं 'किशोर' लावून घे. १९७१ पासून निघतंय, आणि जुने अंक फुकट बघायला मिळतात.

आपल्या बायजीपुऱ्यातल्या ग्रंथालयाचं तुला माहीत आहे का? २०२१ च्या जानेवारीत, शाळा बंद होत्या तेव्हा, तिथल्या एका शाळकरी मुलीनं वडिलांच्या मदतीनं मोहल्ल्यातल्या पोरांसाठी छोटं ग्रंथालय सुरू केलं. उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळी पुस्तकं एकत्र. मग एकेका गल्लीत, वस्तीत अशी कितीतरी उभी राहिली. पोरंच पुस्तकं न्यायची, आणायची. थोरलीला एखाद्या रविवारी घेऊन जा तिकडं. एखादं पुस्तक दुसऱ्या मुलानं वाच म्हणून सांगितलं, तर ती ते आपल्यापेक्षा लवकर ऐकेल.

आता तुझ्या खऱ्या अडचणी. वेळ नाही म्हणतेस, खरंय. नळाला पाणी यायच्या दिवशी या शहरात कुणाच्याच हाती पुस्तक नसतं, म्हणून आम्ही बैठकही पाण्याचा दिवस बघूनच ठरवतो. सगळं पुस्तक संपलंच पाहिजे असा नियम आमच्याकडं नाही. निम्मं वाचून आलीस तरी निम्म्यावर बोल, फक्त वाचलं नसताना वाचल्यासारखं करू नकोस. पैशाचं म्हणशील तर दर वेळी विकत घ्यायची गरज नाही. बळवंत वाचनालय आहे, जीवनविकास ग्रंथालय आहे, तिथं नाव घाल. घ्यायचंच असेल तर औरंगपुऱ्यात दुकानात उभी राहून आधी दहा पानं चाळ. भिशी तर तू लावतेसच. आमच्यातल्या काहीजणी आता पुस्तकांची भिशी करतात. महिन्याला ठरलेली रक्कम, जिचा नंबर लागेल तिनं सगळ्यांची पुस्तकं आणायची आणि वाचून फिरवायची. पुढं-मागं मुलांना घेऊन वेरूळला जाल तेव्हा लेणी झाल्यावर गावातही थांबा. शासनाच्या योजनेत ते पुस्तकांचं गाव झालंय.

सासूबाईंचं काय म्हणालीस? "बायका जमून काय एवढं वाचतात?" असं विचारतात त्या. त्यांना एकदा घेऊनच ये. खरंच सांगते. आमच्याकडं एकीच्या सासूबाई नुसत्या ऐकायला यायच्या, वाचता येत नव्हतं त्यांना. सून रात्री भाकरी झाल्या की दोन-दोन प्रकरणं वाचून दाखवायची. 'पाचोळा'वर सगळ्यात जास्त त्याच बोलल्या, आणि आम्हाला न कळलेले चार शब्द त्यांनीच समजावून दिले.

पुढच्या महिन्यात 'आठवणींचे पक्षी' ठरलंय. ग्रंथालयातली प्रत कुणीतरी आधीच नेलीय, तेव्हा माझी घेऊन जा. शनिवारी मी चारनंतर घरीच आहे. मी कडेला पेन्सिलीनं खुणा केल्यात, त्याकडं लक्ष देऊ नकोस, तुझ्या वेगळ्या कर. आणि या वेळी सुरुवात तू करायची, मी तसं सगळ्यांना सांगून ठेवलंय.