माणुसकी आणि माहिती

२०२० चा लॉकडाउन म्हटलं की आमच्या बॅचला दोन गोष्टी हमखास आठवतात. एक म्हणजे दहावीचा रद्द झालेला भूगोलाचा पेपर (भूगोल न लिहिताच मार्क मिळाले, म्हणून आमच्या घरी अजूनही टोमणे चालू असतात!). दुसरी म्हणजे 'या वेळेचं सोनं करा' छापाचे मोबाइलवर येणारे मेसेज. नवीन भाषा शिका, कोर्स करा, योगा करा, थोडक्यात व्यक्तिमत्त्व विकास करा. मीही दोन सर्टिफिकेटं मिळवली आणि ती पुढे उपयोगालाही आली, त्यामुळे त्यांची टिंगल करणार नाही. पण व्यक्तिमत्त्वाचा विकास झाला की नाही, हे मोजायचं कशाने? आपलं लक्ष आपल्यापासून किती लांबपर्यंत पोहोचतं, हे एक माप मला पटतं. ते का पटतं, हे सांगण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातली एक घटना घेते.

कॉलेजातून जालना रोडला लागलं की चिकलठाणा, मग शेंद्रा एमआयडीसी आणि त्यापुढे करमाड. इंडस्ट्रियल व्हिजिटला आपण या रस्त्याने जातो, वडापाव खातो, परत येतो. या रस्त्याच्या जवळूनच रेल्वेचा रूळ जातो. ८ मे २०२० च्या पहाटे सव्वापाचच्या सुमाराला बदनापूर आणि करमाडच्या दरम्यान या रुळावर झोपलेल्या सोळा मजुरांचा मालगाडीखाली मृत्यू झाला. जालन्याच्या एका स्टील कंपनीत ते कामाला होते. मूळचे मध्य प्रदेशातले, उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतले. एकूण वीस जण आदल्या संध्याकाळी पायी निघाले होते. भुसावळला पोहोचलं तर तिथून गावाकडे जाणारी गाडी मिळेल, असं त्यांनी ऐकलं होतं. रात्रभर चालून थकले आणि रुळावरच आडवे झाले. थोड्या अंतरावर बसलेले साथीदार वाचले. त्यांनी ओरडून उठवायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता.

त्या सकाळचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय. रुळांमध्ये पसरलेल्या चपात्या. तो फोटो पाहून साऱ्या देशाला वाटलं, अरेरे, बिचारे उपाशी! पण जरा थांबून विचार करा. चपात्या तर त्यांच्याजवळ होत्या! आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांना एक सवय लागलेली असते (ती काही फार चांगली नाही, घरचे वैतागतात), ती म्हणजे काहीही बिघडलं की 'फेल्युअर नेमकं कुठे झालं' हे शोधायचं. इथे फेल्युअर भाकरीत नव्हतं. त्यांना हवी होती झोपायला एक जागा आणि एक साधी माहिती.

माहिती ही, की पॅसेंजर गाड्या २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून बंद असल्या तरी मालगाड्या एक दिवसही बंद नव्हत्या. धान्य, कोळसा, पेट्रोल या मार्गानेच देशभर जात होतं. त्या पहाटेची गाडीसुद्धा पेट्रोलच्या रिकाम्या टाक्यांची होती, हैदराबादजवळच्या चेर्लापल्लीहून मनमाडकडे चाललेली. 'रेल्वे बंद आहे' हे वाक्य टीव्हीवर दिवसरात्र चालू होतं. ते घरात बसलेल्यांसाठी खरं होतं. रुळावरून चालणाऱ्यासाठी ते अर्धंच खरं होतं आणि ते जीवघेणं ठरलं. ड्रायव्हरने माणसं पाहिली, हॉर्न दिला, ब्रेकही लावला. पण बारावीचं फिजिक्स आठवा. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागतं आणि लोखंडी चाकाची लोखंडी रुळावरची पकड टायरच्या रस्त्यावरच्या पकडीपेक्षा खूपच कमी. ट्रकसारखी मालगाडी जागच्या जागी थांबत नसते.

मग ते रुळावरून का गेले, असा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला, काहींनी तर जरा हिणवूनच. रस्त्यावर पोलिसांचे नाके होते. रूळ सरळ गावाच्या दिशेने जातो, वाट चुकत नाही. पाससाठी अर्ज केला होता, आठवडा झाला तरी उत्तर आलं नव्हतं, असं वाचलेल्यांनी पत्रकारांना सांगितलं. पास ऑनलाइन, सूचना मराठी-इंग्रजीत, आणि रोज बदलणारे नियम. आपल्यालाच कॉलेजचं एक सर्क्युलर समजायला दोन वेळा ऑफिसात जावं लागतं! त्या सोळा जणांचे मृतदेह नंतर स्पेशल रेल्वेने मध्य प्रदेशात पाठवले गेले.

मला वाटतं, आपल्याकडे दया म्हणजे काहीतरी देणं अशी समजूत आहे. पाकीट द्या, बिस्किटं द्या, फोटो काढा. देणं वाईट नाही, त्या वर्षी त्याने लाखो जीव जगले. पण ज्यांचं देणं खऱ्या अर्थाने उपयोगी पडलं, त्यांनी आधी काय पाहिलं, ते बघण्यासारखं आहे. यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ जुन्या सात नंबरच्या महामार्गावर बाबा करनैलसिंग खैरा यांचा लंगर आहे. २०२० मध्ये त्यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं. पत्र्याची शेड. त्या निर्जन पट्ट्यात लांबलांबपर्यंत खायची दुसरी सोय नाही, आणि पायी जाणारे, ट्रकवाले, बसवाले सगळे तिथूनच जातात. म्हणून लॉकडाउनमध्ये तिथे लाखो माणसं जेवली. डाळ-भात तर कुणीही शिजवेल हो, जागा कुठली हे माहीत असणं जास्त महत्त्वाचं.

हे काही नवीन नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने जो साथरोग कायदा लागू केला तो १८९७ चा, म्हणजे प्लेगच्या वेळचा. त्या वर्षी पुण्यात रँडसाहेबाचे सोल्जर घरात घुसून रोगी शोधत होते. परिणाम काय? लोक रोगी लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला दवाखाना चालवला. मुंढव्याचा एक आजारी मुलगा सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवरून दवाखान्यात आणला, असं सांगतात. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये त्यांची ओळख 'पहिली शिक्षिका' एवढ्या एका ओळीत उरकली होती, हा शेवट मला कॉलेजात आल्यावर कळला. कायदा एकच, साथ एकच. एक जण दार ठोठावतो तेव्हा माणसं लपतात, दुसरं कुणी येतं तेव्हा पाठीवर बसतात. असो, विषय मोठा आहे.

आता आपल्या हॉस्टेलचं. आपल्या मेसचे महाराज मध्य प्रदेशातले आहेत, हे किती जणांना माहीत आहे? २०२० मध्ये ते वाळूजला कामाला होते. मे महिन्यात तेही पायी निघाले होते, कन्नडचा घाट उतरून धुळ्याच्या दिशेने. मी त्यांना विचारलं, वाटेत सगळ्यात जास्त मदत कुणाची झाली? मला वाटलं, जेवण देणाऱ्याचं नाव घेतील. ते म्हणाले, चाळीसगावजवळ पेट्रोल पंपावर एक पोरगा होता. त्याने सांगितलं, पुढच्या चौकीवर नाव लिहा, एसटी बॉर्डरपर्यंत फुकट सोडतेय. तोपर्यंत त्यांना वाटत होतं की चौकी दिसली की शेतातून जायचं, नाहीतर मार बसेल. सरकारने एसटी चालू केली होती, पण ती गोष्ट चालणाऱ्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. त्या पोराने पाण्याची बाटली दिली की नाही, हेसुद्धा महाराजांना आठवत नाही. चेहरा आठवतो का, म्हणून विचारलं तर हसले. "मास्क था ना ताई, चेहरा किसका दिखता था!"

महाराजांशी हे बोलणं झालं ते भाकऱ्या टाकता टाकता, आणि निघाली होती तिकिटाची गोष्ट. परीक्षा संपली की मेस बंद होते, त्यांचे सहा जण गावी जातात. वेटिंगचं तिकीट कन्फर्म झालं की नाही, ते कुणीतरी बघून द्यावं लागतं, कारण मेसेज इंग्रजीत येतो. वॉचमनकाकांना विम्याचा फॉर्म भरायचाय. फर्स्ट इयरला आसामची दोन मुलं आली आहेत, त्यांना घाटी हॉस्पिटलच्या ओपीडीचा केसपेपर कुठे काढतात ते माहीत नाही. आपल्यातल्या कुणालाही ही कामं पाच-दहा मिनिटांची आहेत, त्यासाठी फंड लागत नाही की एनएसएसचं बॅनरही लागत नाही.

सध्या आम्ही तिघींनी मेसच्या दाराशी एक वही टांगली आहे. ज्याला जे विचारायचं ते त्याने आपल्या भाषेत लिहायचं, लिहिता येत नसेल तर सांगायचं, आणि ज्याला माहीत आहे त्याने खाली उत्तर लिहायचं. पहिल्या पानावर महाराजांची सहा तिकिटं आहेत. काल रात्रीपर्यंत चार कन्फर्म झाली, दोन अजून वेटिंगवर आहेत.