पेशीची दारे व प्रकाशाची साक्ष

प्रत्येक जिवंत पेशीच्या आवरणात अतिसूक्ष्म दारे असतात. त्यांतून कॅल्शियमादि विद्युद्भारित कण आत-बाहेर जातात. 1976 साली नेहर व साकमान या जर्मन शास्त्रज्ञांनी काचेची सूक्ष्म नळी पेशीस चिकटवून एकेका दाराचा विद्युत्प्रवाह मोजला; परंतु नळीचा स्पर्श पेशीस सोसावा लागे.

1981 साली रॉजर त्सिएन यांनी निराळी युक्ती प्रसिद्ध केली. द्रव्यावर रासायनिक वेष चढविला, की ते आवरण न फोडता आत शिरते. पेशीच तो वेष उतरविते आणि द्रव्य आत अडकते. अशा रंगद्रव्याची चकाकी कॅल्शियमच्या संयोगाने पालटते. बाहेरच्या मानाने पेशीत कॅल्शियम सुमारे 10,000 पटींनी कमी. म्हणून दारे उघडताच सूक्ष्मदर्शकाखाली फरक दिसतो.

मात्र प्रखर प्रकाशानेही पेशीस इजा होते. जिवंत वस्तूचे रहस्य जाणताना तिचा जीव राखणे, हेही शास्त्रच होय.