कापलेले शेत



दत्तजयंती येते मार्गशीर्ष पौर्णिमेला. आपल्या चामोर्शी भागात तेव्हा धान कापून झालेला असतो, पुंजणे उभे असतात, मळणी व्हायची असते. अशा वेळी आभाळ भरून आले की पारायणाला बसलेल्याचेही अर्धे मन खळ्यावर जाते. म्हणूनच श्रीगुरुचरित्राचा ४७वा अध्याय आपल्याला जरा जास्त जवळचा. सात दिवसांच्या प्रचलित वाटणीत तो शेवटच्या दिवशी येतो. तोवर आवाज बसलेला असतो आणि अध्याय घाईत उरकला जातो. यंदा सावकाश वाचावा.

कथा गाणगापूरची. पर्वतेश्वर नावाचा शेतकरी संगमावर जाणाऱ्या श्रीनृसिंह सरस्वतींना रोज शेतातून धावत येऊन नमस्कार करी. एकदा त्याने आपले जोंधळ्याचे पीक त्यांना दाखवले. स्वामी म्हणाले, मी परत येईपर्यंत सारे कापून टाक. पीक अजून कच्चे होते. बायकापोरे रडली, तरी त्याने कापले. पुढे थंड वाऱ्याने आसपासची पिके गेली, मागाहून पाऊस झाला आणि याच्या कापलेल्या ताटांना फुटवे येऊन अमाप धान्य पिकले.

इथे आपण हात जोडतो नि पुढे जातो. माझे लक्ष मात्र मधल्याच एका गोष्टीवर अडते. विळा लावण्याआधी हा माणूस गावच्या अधिकाऱ्याकडे गेला आणि गेल्या वर्षीच्या दुप्पट देईन असे कबूल करून आला. श्रद्धा त्याची, तर जोखीमही त्याचीच. दुसऱ्याच्या डोक्यावर नाही. "देव बघून घेईल" म्हणत सोसायटीचे कर्ज थकवणारे अन् पीक विम्याचा अर्ज न भरणारे आपल्यातही आहेत. त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. (कच्चा धान कापायला मात्र कोणी धावू नये. ती आज्ञा त्या एकालाच होती.)

१८व्या अध्यायातल्या गरीब ब्राह्मणाचे घर, भिक्षा पुरली नाही की, दारच्या घेवड्यावर जगे. आपल्याकडच्या वालाच्या वेलासारखाच तो वेल. स्वामी तिथे जेवले आणि जाताना तो वेलच उपटून टाकला! पुढे मुळाशी खणताना द्रव्याचा कुंभ सापडला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण दोन्ही कथांत घरची बाई रडते. तिला अश्रद्ध ठरवून हशा मिळवणे मला रुचत नाही. उद्या चुलीवर काय, याचा हिशेब तिच्याकडेच असतो.

आणखी एक. वैनगंगेच्या पुराने ज्यांच्या बांध्या बुडाल्या, त्यांनी पर्वतेश्वराच्या शेजाऱ्यांची पिके गेल्याचे वाचून काय समजावे? आपली भक्ती कमी पडली? असा अर्थ कोणी काढू नये आणि दुसऱ्याला तर मुळीच सांगू नये. पीक जाणे म्हणजे देवाने सोडणे नव्हे. ३८व्या अध्यायात भास्कर तिघांपुरता शिधा आणतो आणि त्यात सारे गाव जेवते. त्या पंगतीत कोणाचे पीक आले, कोणाचे गेले, हे कोणी विचारले नाही.

म्हणून यंदाच्या महाप्रसादासाठी ज्यांचा धान गेला त्यांच्या दारी तांदूळ मागायला जाऊ नये. जायचेच तर पायलीभर तांदूळ घेऊन जावे, आणि त्याची नोंद देणगीच्या वहीत करू नये.